लुदमिला अर्कादियेव्ना, तो फॅक्स गेलाच नव्हता

लुदमिला अर्कादियेव्ना,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असा मला निरोप आला. आपल्या मुलांना बर्फावर उभं राहायला शिकवणारी रशियन बाई गेली, तेव्हा अंकात तिचा फोटो आणि चार ओळी हव्यात, हे रास्तच आहे. तुम्हाला सगळ्यांत जवळून ओळखणारा माणूस म्हणून माझं नाव निघालं. तुम्हीही तेच म्हणायचात. इस्पितळात नर्सने विचारलं, "हे तुमचे कोण?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझा इंजिनियर."

चार ओळींत बसेल असं माझ्याकडे एकच वाक्य आहे. तो फॅक्स मी पाठवला नव्हता.

वीस वर्षांत हे वाक्य मला तुमच्यासमोर उच्चारता आलं नाही. आज उच्चारतो आहे, ते तुम्ही ऐकणार नाही याची खात्री झाल्यावर. यात धैर्य कसलंच नाही, हे मला कळतं.

अंक वाचणाऱ्यांना तुमची माहिती नाही, म्हणून थोडं मागून सांगतो. तुम्हाला सगळं ठाऊक आहेच, एक गोष्ट सोडून.

पंच्याण्णव साली मी कुवेतमधल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनियर होतो. राहायला फहाहील. आमची अनघा नऊ वर्षांची होती आणि बाहेर पन्नास डिग्री असताना तिला बर्फावर खेळायचं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी पाऊण तास गाडी हाकत आम्ही शहरातल्या बर्फाच्या स्केटिंग रिंकवर यायचो. तिथे तुम्ही होतात. पुरुषी काळा कोट, हातात थर्मास. शिट्टी वाजवणं तुम्हाला आवडायचं नाही. हातमोजे घातलेल्या हातांनी टाळी वाजवलीत की ती बोदी वाजायची, तरी सगळी पोरं जागच्या जागी थांबायची.

पहिल्याच दिवशी अनघा आपटली आणि माझी बायको सुधा कठड्यावरून ओरडली, "अगं उठ, लागलं का गं?" तुम्ही सरळ आमच्यासमोर येऊन उभ्या राहिलात.

"आईने बोलायचं नाही. बर्फावर एकच आवाज."

"आता आपल्याच पोरीशी बोलायला हिची परवानगी घ्यायची!" सुधा मला मराठीत म्हणाली. पण त्यानंतर ती कठड्यावर कधी बोलली नाही.

मी तुम्हाला "मॅडम" म्हणालो, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. "मॅडम दुकानात असते. मी लुदमिला अर्कादियेव्ना."

"अर्कादियेव्ना हे आडनाव का?"

"नाही. वडील. अर्कादी."

आमच्यातही वडिलांचं नाव मधेच असतं, असं मी सांगितलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. वडिलांचं नाव विचारलंत, मी गोविंद म्हणालो, आणि त्या दिवसापासून मी श्रीधर गोविंदोविच झालो. सुधाला हे इतकं आवडलं की घरी ती मला "अहो गोविंदोविच, दूध संपलंय" अशी हाक मारायला लागली. तुम्ही आमच्याकडे जेवायला यायला लागलात, वरणभातावर लिंबू पिळून खायला शिकलात, आणि दुकानदारांकडून उचललेल्या हिंदीत सुधाशी बोलायला लागलात. मग एकदा तुम्ही पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढलीत.

तुमच्या गावातून आलेली ती कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर काळीपांढरी दिसायची आणि थरथरायची. माझा व्हीसीआर मल्टिसिस्टिम होता, कुठल्याही देशाची कॅसेट चालणारा. कुवेतला आल्यावर आपल्यातला प्रत्येकजण पहिल्या वर्षी घ्यायचा तसा. त्यावर चित्र नीट उमटलं. अंधुक उजेडातलं एक रिंक, आणि त्यात लाल जॅकेटमधली एक किडकिडीत मुलगी.

"दाशा," तुम्ही म्हणालात. "चार वर्षांची असताना घेतली. आता अकरा."

मग तुम्ही सांगितलंत, की सरकारने हात काढून घेतल्यावर तुमच्या गावच्या रिंकवर अर्धा दिवस कपड्यांचा बाजार भरायला लागला, मग जुन्या मोटारी विकायला येऊ लागल्या. तुम्हाला कित्येक महिने पगार नव्हता. कुवेतचं काम आलं तेव्हा तुम्ही ते घेतलंत, कारण घ्यावंच लागलं. पण दाशाला सोडलं नाहीत. पहाटे बाजार भरायच्या आधी दोन तास बर्फ मोकळा असायचा, तेव्हा ती एकटी सराव करायची. तिची आई व्हेरा कुणाकडून तरी मागून आणलेल्या कॅमेऱ्याने चित्रण करायची आणि महिन्याला एक कॅसेट, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती, तुमच्यापर्यंत पोचवायची. तुम्ही ती पाहायच्या आणि काय करायचं, काय नाही, ते काड्यांच्या माणसांची चित्रं काढून एका पानावर लिहायच्या. व्हेराच्या घरी फोन नव्हता. ती एका कारखान्याच्या कचेरीत कारकून होती आणि तिथे फॅक्स होता. तिथून परदेशी फॅक्स करायची तिला मुभा नव्हती, आलेला मात्र घेता यायचा. त्यामुळे तुमच्या पानाचं उत्तर म्हणजे पुढची कॅसेट. मधला महिनाभर काही कळायचा मार्ग नाही.

माझ्या ऑफिसात फॅक्स होता. "द्या, मी पाठवतो," असं मीच म्हणालो. तुम्ही मागितलं नव्हतंत.

दोन वर्षं आपले शुक्रवार असे गेले. सकाळी दहाला तुम्ही यायच्या, सुधा पोहे करायची, आणि आपण टीव्हीसमोर बसायचो. मी चित्र एकेक फ्रेम पुढे ढकलायचो. दाशाने बर्फ सोडला की तुम्ही "आता" म्हणायच्या, मी मोजायला लागायचो, ती टेकली की थांबायचो. तीन गिरक्यांच्या उडीत ती चौदा फ्रेम हवेत असायची. "तेरा असतील तर तिसरी गिरकी बर्फावर पूर्ण होते, पाय मोडतो," तुम्ही म्हणायच्या. "चौदा पाहिजेत. पंधरा झाल्या तर मी कुवेतहून चालत घरी जाईन." एकदा मी मुद्दाम पंधरा सांगितल्या. तुम्ही उठून चपला घातल्यात.

रशियन स्केटिंगबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते त्या शुक्रवारांतलं. टीव्हीवर फरचा कोट घालून दिसतो तो मोठा कोच, मॉस्कोतला नाहीतर पीटर्सबर्गमधला. त्याच्याकडे मुलं बारा-तेराव्या वर्षी जातात, तयार होऊन. पण जाणकार माणसं आपसात विचारतात ते दुसरंच. हिची पहिली शिक्षिका कोण? पहिली शिक्षिका पडायला शिकवते, पात्याच्या धारेवर उभं राहायला शिकवते, आणि ते अक्षरासारखं असतं, पुढे कुणालाच बदलता येत नाही. आमच्याकडे गाणाऱ्याचं घराणं विचारतात तसं, असं मी म्हणालो, तेव्हा तुम्हाला ते पटकन समजलं.

आणि ते बाक. खेळून झाल्यावर मुलगी गुणांची वाट पाहत एका बाकावर बसते, शेजारी तिचा कोच. आई का नाही, असं सुधाने विचारलं होतं.

"आईला गुण बघायची गरज नसते. आई कितीही गुणांवर प्रेम करते. बाकावर असा माणूस पाहिजे, ज्याला खरं कळतं."

"म्हणजे मुलगी तुमची की आईची?" मी विचारलं.

"अर्धी माझी," तुम्ही पटकन म्हणालात. मग थोडा विचार करून, "जास्त नाही."

यावरून आपण कितीदा भांडलो! तुमची ही पद्धत मुलं गिळते, असं मी म्हणायचो. चार वर्षांच्या पोरीचं सगळं आयुष्य एका बाईच्या हातात द्यायचं म्हणजे काय? तुम्ही शांतपणे म्हणायच्या, "वाईट बाईच्या हातात दिलं तर गिळते. मी दुखणाऱ्या पायावर कुणाला कधी उडी मारायला लावलेली नाही. हे लिहून ठेवा, श्रीधर गोविंदोविच."

लिहून ठेवतो आहे. उशिरा.

सत्त्याण्णवच्या वसंतात ती कॅसेट आली. दाशा तेरा वर्षांची झाली होती आणि अडीच आठवड्यांनी व्हेरा तिला मॉस्कोला नेणार होती, एका मोठ्या कोचला उड्या दाखवायला. तो मुलींमधून दोन-तीन निवडणार होता. गावच्या रिंकवरून मॉस्कोपर्यंत पोचलेली तुमची ही पहिली मुलगी. तुम्ही त्या शुक्रवारी सुधासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आला होतात.

उड्या सुंदर होत्या. चौदा, चौदा, चौदा. मी मोजत होतो आणि खूश होतो. तुम्ही मात्र डबा मांडीवर ठेवून गप्प झाला होतात.

"उतरल्यानंतरचं मोजा," तुम्ही म्हणालात.

उडीनंतर मुलगी एका पायावर मागे सरकत राहते, दुसरा पाय मागे उंच धरून. दाशा पूर्वी पंचवीस-तीस फ्रेम तशी राहायची. मी मोजल्या. नऊ. दुसरी उडी, नऊ. तिसरी, आठ. मग तुम्ही टेप मागे नेऊन दाखवलंत, की उडीला जाण्याआधी ती वाकून उजव्या बुटाची दोरी घट्ट करते आहे. प्रत्येक वेळी. दोरी सैल नव्हती.

"तिला दुखतंय," तुम्ही म्हणालात. "आणि ती आईला सांगत नाही."

तुम्ही तिथेच पान लिहिलंत आणि मला सोपं करून सांगितलंत. आठ आठवडे एकही उडी नाही. उजव्या पायाचा एक्स-रे ताबडतोब. मॉस्कोला जायचं नाही, शरद ऋतूत येतो असं कळवायचं, चांगल्या मुलीसाठी ते थांबतात. शेवटी एक ओळ फक्त दाशासाठी होती. ती काय होती ते तुम्ही सांगितलं नाहीत.

"उद्या सकाळी पहिलं काम," मी म्हणालो.

आता मी स्वतःलाही वीस वर्षं जे सांगत आलो ते खोडून काढतो. मी स्वतःला असं सांगत आलो, की माझ्या कराराचं नूतनीकरण आलं होतं आणि खाजगी फॅक्सवरून नोकरी गेली असती. तसं काही नव्हतं. नोकरीला धक्का नव्हता.

झालं ते असं. शनिवारी सकाळी ऑफिसात चहाच्या खोलीत सूचनाफलकावर बाहेर गेलेल्या फॅक्सची यादी लावली होती. परदेशी नंबर कुणी कुणी लावले ते कळावं म्हणून. माझ्या नावापुढे रशियाचा नंबर, महिन्याला एकदा, वर्षभराचा. कर्णिक म्हणून आमच्यातलाच एक होता. तो चार जणांसमोर म्हणाला, "काय हो श्रीधरपंत, रशियात कुठली शाखा उघडलीत?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "शाखा तिकडे नाही, इकडेच आहे. दर शुक्रवारी घरी येते म्हणे." पुन्हा हसले. कर्णिक कपात साखर ढवळत म्हणाला, "वहिनी पोहे करतात आणि हे सिनेमा बघतात. मानलं पाहिजे वहिनींना!"

त्यात द्वेष नव्हता. संध्याकाळपर्यंत ते विसरलेही असतील. पण माझे कान तापले. तुमचं पान बॅगेत होतं. फॅक्सचं यंत्र त्या खोलीच्या दाराशीच होतं, आणि मी त्या चौघांच्या देखत तिथे जाऊन तो नंबर लावू शकलो नाही.

एवढंच कारण. चार माणसांचं हसू.

दुपारी पाठवू, म्हटलं. दुपारी कर्णिक यंत्राशीच उभा होता. उद्या, म्हटलं. मग ठरवलं की ऑफिसातून नकोच, फहाहीलला टायपिंगच्या दुकानातून पाठवू. सोमवारी गेलो तर नमाजाची वेळ होती, दुकान बंद. थांबलो नाही. दहा मिनिटं थांबलो असतो तर उघडलं असतं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही दारातच विचारलंत, "गेला?" आणि मी म्हणालो, "गेला."

एकदा गेला म्हटल्यावर मग पाठवायलाच हवा होता. शनिवारी नक्की, असं मी मनाशी म्हटलं. शनिवारी मला वाटलं, व्हेरा आई आहे, रोज समोर बघते, तिच्या लक्षात येईलच. त्याच्या पुढच्या शनिवारी वाटलं, आता उशीर झाला, एव्हाना त्या निघाल्याही असतील. त्या निघाल्या नव्हत्या. तीन दिवस बाकी होते. मी बॅगेतला कप्पा उघडायचंच बंद केलं.

ज्या माणसाने स्वतः नऊ मोजल्या होत्या, त्याचं हे वागणं. तिकडे निदान कुणाला माहीत तरी नव्हतं.

जूनमध्ये व्हेराचं पत्र आलं. मॉस्कोत दाशाने दोन उड्या चांगल्या मारल्या, तिसरीवर उतरताना पायाच्या हाडाचा तुकडा पडला. आधीपासून तडा होता, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, पण पुन्हा तीन गिरक्या नाहीत. पत्रात शेवटी लिहिलं होतं, की दर महिन्याला तुमचं पान यायचं, आणि ज्या महिन्यात हवं होतं त्या महिन्यात आलं नाही. आम्ही रोज वाट पाहिली. पान नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही धरलं.

तुम्ही ते पत्र मला वाचून दाखवलंत. मग चष्मा काढलात.

"श्रीधर गोविंदोविच, तो फॅक्स गेला होता ना?"

तुम्ही संशयाने विचारलं नव्हतंत. तुमचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, तुम्हाला फक्त एकदा ऐकायचं होतं. त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "गेला होता. यंत्राने ओके दिलं होतं. मी स्वतः पाहिलं."

तुम्ही पत्र घडी घालून पाकिटात ठेवलंत.

"म्हणजे तिने ते लपवलं," तुम्ही म्हणालात. "मॉस्कोसाठी."

खोटं बोलून झालं होतं, आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते सोपं होतं.

तुम्ही व्हेराला एक पत्र लिहिलंत. त्यात काय होतं ते तुम्ही मला थोडक्यात सांगितलंत. आईने पान चोरलं, मुलगी विकली, असं काहीतरी. तिचं उत्तर आलं नाही. दाशाने नंतर एक कार्ड पाठवलं, ते तुम्ही न उघडता ठेवून दिलंत. तुमची अर्धी मुलगी अशी गेली. आणि तिकडे त्या मुलीने तेराव्या वर्षी असं धरलं, की माझ्या शिक्षिकेने मला वाऱ्यावर सोडलं आणि वर माझ्या आईला चोर ठरवलं.

त्यानंतरची वीस वर्षं तुम्ही इथेच राहिलात. शेकडो मुलं शिकवलीत, कुवेती, भारतीय, फिलिपिनो. सगळ्यांना पडायला शिकवलंत, एकालाही वर नेलं नाहीत. जरा हुशार मुलगी दिसली की तुम्ही तिच्या आईबापांना सांगायच्या, "दुसरीकडे न्या. मी फक्त लहान मुलांची." का, ते मला ठाऊक होतं. अनघा तेराची झाली तेव्हा मी तिला अभ्यासासाठी रिंकवरून काढलं आणि त्यावरून आपलं मोठं भांडण व्हायला हवं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरोबर करताय. मुलगी आईबापांजवळ बरी." जी बाई माझ्याशी दोन वर्षं याच्या उलट भांडली, तिने माझ्यापुढे हार मानली, आणि तीही एका खोट्यावरून. ते भांडण जिंकल्याची लाज मला अजून वाटते.

आपली मैत्री मात्र वाढत गेली. हेच मला सगळ्यांत कमी समजतं. तुम्ही दिवाळीला यायच्या. शुक्रवारचे पोहे सुटले नाहीत. कॅसेट मात्र पुन्हा कधी लागली नाही. सुट्टीचे वार बदलले, आम्ही एगैलाला नव्या घरात गेलो, अनघा डॉक्टर होऊन जाब्रियाच्या इस्पितळात लागली, आणि दोन महिन्यांपूर्वी तिनेच तुमचे रिपोर्ट पाहून मला फोन केला. "बाबा, इट्स नॉट गुड. लुदामावशींना एकटं ठेवायचं नाही आता."

मी रोज यायचो. तुमच्यासाठी सुधा मऊ भात द्यायची. एका दुपारी तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मला वाटलं झोपलात. मग तुम्ही म्हणालात, "व्हेरा वाईट बाई नव्हती. मी विचार करते, तिने असं का केलं. मला अजून कळत नाही, श्रीधर गोविंदोविच. तुम्हाला कळतं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली. तोंड उघडलं. आणि म्हणालो, "आता कशाला तो विचार करायचा? सोडून द्या."

तुम्ही माझ्या हातावर थोपटलंत. मला दिलासा दिलात तुम्ही.

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

वकिलातीची कागदपत्रं अनघाने आणि मी केली. तुमच्या भाच्याने तिकडे सगळं पाहायचं कबूल केलं आणि तुमची शवपेटी विमानाने तुमच्या गावी गेली. त्या संध्याकाळी मी सुधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, ती आपल्या घरी जेवत होती हो." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर तिने मला गोविंदोविच म्हटलेलं नाही.

अनघाने एका दिवसात दाशाचा नंबर शोधून काढला. तुमच्याच गावात, दुरुस्त झालेल्या त्याच रिंकवर, ती लहान मुलांना शिकवते. तेव्हा तुमची पेटी वाटेत होती. मी नंबर घेतला आणि म्हटलं, उद्या करतो. मग म्हटलं, आधी अंत्यविधी होऊन जाऊ दे, त्या गडबडीत नको. मग इंग्रजीत कसं सांगायचं ते कागदावर लिहून काढत बसलो. आठ दिवस गेले. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि अजून तसाच.

काल दुपारी फोन केला. मागे मुलांचा कल्ला होता. मी नाव सांगितलं. "ओ, इंजिनियर," ती म्हणाली. तुम्ही कधीतरी माझं नाव त्या पानांवर लिहीत होतात, हे मला माहीत नव्हतं. मी कागदावरचं वाचून दाखवलं. ते पान लिहिलं होतं. त्यात एक्स-रे म्हटलं होतं. मॉस्कोला जाऊ नका म्हटलं होतं. मी पाठवलं नाही आणि पाठवलं असं सांगितलं.

तिने मधे एकदाही टोकलं नाही. मग म्हणाली, "आई इथेच आहे. थांबा." आणि मी ऐकत असताना तिने ते सगळं रशियनमध्ये आईला सांगितलं. मला त्यातला एकच शब्द कळत होता, तुमचं नाव. पूर्ण, वडिलांसकट.

मग दाशा म्हणाली, "लुदमिला अर्कादियेव्नाला गेल्या गुरुवारी पुरलं. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. सगळं गाव गेलं होतं. आई कोट घालून खिडकीत उभी होती. ती म्हणाली, मला तिने चोर म्हटलंय, मी कशी जाऊ? मग मीही गेले नाही." आणि तिने विचारलं, "बुधवारी का नाही फोन केलात?"

मग व्हेराबाई स्वतः काहीतरी लांबलचक बोलल्या आणि दाशाने त्याचं इंग्रजी केलं. तिकडे माणूस गेल्यावर चाळिसावा दिवस पाळतात, आमच्या तेराव्यासारखा. त्या दिवशी त्या दोघी तुमच्याकडे येणार आहेत. मी हे सगळं कागदावर लिहून, सही करून पाठवायचं. दाशा ते रशियनमध्ये करेल आणि व्हेराबाई ते तुमच्यापाशी उभ्या राहून मोठ्याने वाचतील, गावातले लोक असताना. तुमची पानं त्यांच्यापर्यंत यायची, तशी त्यांची बाजू आता तुमच्यापर्यंत जायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून हे लिहिलं. अनघा याचं इंग्रजी करते आहे. मराठी मी मंडळाच्या अंकाला देतो आहे, कारण चहाच्या खोलीतली माणसं, जी आहेत ती, हा अंक वाचतात. त्यांना दोष नाही. त्यांनी थट्टा केली, बाकी सगळं मी केलं.

मूळ पानही मी व्हेराबाईंनाच पाठवतो आहे. ते मी कधी फाडू शकलो नव्हतो. शेवटची ओळ दाशासाठी आहे, ती मी कुणाकडून वाचून घेतलेली नाही.

फोन ठेवण्याआधी मी म्हणालो, की मी स्वतः येतो. चाळिसाव्यापर्यंत व्हिसा मिळेल, तिथे उभा राहून मीच वाचेन, तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर. दाशाने ते आईला सांगितलं.

व्हेराबाईंनी एकच शब्द म्हटला. दाशा तो इंग्रजीत सांगायला लागली, पण गरज नव्हती. अनघाच्या शिकवणीत मी तो शब्द चार वर्षं कठड्यावरून ऐकला होता. न्येत.

तेव्हा मी येत नाही, लुदमिला अर्कादियेव्ना. तुमच्यापाशी त्या दिवशी तुमची माणसं असतील.

श्रीधर गोविंद